डब्यातल्या दुधात तेल कोणतं, ते मोठ्या अक्षरात मराठीत छापा

संपादक साहेब, नमस्कार.

सून बाळंतपणात फार आजारी पडली, दूध आलंच नाही, म्हणून नातवाला डब्याचं दूध सुरू केलं आणि आठवड्याभरात पोरगं शी करताना लालबुंद व्हायला लागलं, मुठी आवळून कुंथायचं, आणि शी कशी तर शेळीच्या लेंडीसारखी. मुलाने डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढून मोठा करून वाचला तर पाम तेल, सोयाबीन, खोबरेल, सूर्यफूल! मी तर हबकलेच, वाटलं भेसळ आहे.

बालरोगतज्ज्ञांनी आधी चमचा आणि पाण्याचं माप तपासलं, ते बरोबर होतं. मग समजावलं की भेसळ नाही, आईच्या दुधातही जवळपास निम्मी ताकद फॅटचीच असते, ती भरून काढायला तेलं घालतात. पण आईच्या दुधातलं पामिटिक अ‍ॅसिड, म्हणजे फॅटचाच एक घटक, बहुतांशी फॅटच्या कणात मधोमध बसलेलं असतं आणि पाम तेलात ते कडेला असतं. कडेचं पोटात सुटं होतं, कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचा साबण बनतो, खरोखरचा साबण, म्हणून शी घट्ट होते आणि कॅल्शियमही थोडं वाया जातं.

दुसरं, डीएचए. मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं हे फॅट या तेलांत नसतंच, सोयाबीन किंवा आपल्या जवसातल्या ओमेगा 3 पासून शरीर ते अगदी थोडंच बनवतं. युरोपात 2020 पासून बाळाच्या दुधात दर 100 कॅलरीमागे 20 ते 50 मिलिग्रॅम डीएचए घालणं सक्तीचं आहे. आमच्या डब्यावर ते शोधायला मुलाला पुन्हा मोबाईल काढावा लागला.

शेजारच्या काकू म्हणाल्या गाईचं दूध पाणी घालून पाजा, पण डॉक्टर एक वर्षापर्यंत नाहीच म्हणाले, आणि मला ते पटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. 1992 च्या कायद्याने डब्यावर आईचं दूधच सर्वोत्तम हे मोठ्या अक्षरात छापायला लावलं ते फार चांगलं केलं, मग कोणतं तेल आणि डीएचए किती हेही तसंच मोठ्या अक्षरात, मराठीत का नको? ज्या आईला दूधच आलं नाही तिने काय वाचायचं? आणि लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी पाच मिनिटं हे बायांना सांगितलं तर किती बरं होईल.

डॉक्टरांनी डबा बदलून दिला, आता नातवाला शी मऊ होते. आमच्या गल्लीत अजून दोन घरी तोच जुना डबा चालू आहे, त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलंय.

एक आजी, अमळनेर