'पासआउट'ला चूक म्हणण्याआधी जरा थांबा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत इंग्रजी शिकवणारं जे छोटं सदर येतं ते मी नेमाने वाचतो, मी स्वतः सांगलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो त्यामुळे जरा जास्तच बारकाईने वाचतो म्हणा, पण मागच्या वेळी त्यात 'पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे, शिक्षण पूर्ण झालं या अर्थाने वापरणं साफ चूक' असं एका ओळीत उरकून टाकलंय ते काही पटलं नाही. गंमत म्हणजे त्याच अंकात आतल्या पानावर नोकरीची जाहिरात आहे, '२०२४ व २०२५ पासआउट उमेदवारांनी अर्ज करावेत'. आता ती कंपनी काय चक्कर येऊन पडलेली पोरं गोळा करतेय का?

मुळात तो अर्थ आपण हवेतून काढलेला नाही. खडकवासल्याच्या एनडीएत, नाशिकच्या पोलीस अकादमीत पासिंग आउट परेड होते, तुम्हीच बातमीत तिला दीक्षांत संचलन म्हणता. मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी होत्या, त्यांच्याबद्दल 'दे पास्ड आउट ऑफ द अकॅडमी' म्हटलं तर लंडनच्या माणसालाही खटकणार नाही, कारण ब्रिटिश लष्करात ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडण्याला हेच म्हणतात. आपण ते कॉलेजला लावलं इतकंच. आणि आपण मराठीत 'कॉलेजमधून कधी बाहेर पडलास' असंच विचारतो ना, त्यामुळे पास झालो आणि आउट झालो हे आपल्या डोक्यात चटकन बसलं असणार असं आपलं माझं मत.

पण मग सगळीकडे बिनधास्त वापरायचं का, तर तसंही नाही. सांगलीत, पुण्यात, बेंगळुरूत इंटरव्ह्यूला 'आय पास्ड आउट इन २०२२' म्हणा, समोरचा तुम्हाला पुढचा प्रश्न विचारेल. तेच वाक्य कॉलवर अमेरिकन क्लायंटला सांगा, तो म्हणेल अरे बापरे, कशामुळे? तिथे सरळ 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२२' म्हणायचं, बायोडाटातही तेच लिहायचं. पोरांना हे एवढं सांगितलं की पुरतं, त्यांना चूक चूक करून घाबरवायची गरज नसते, आधीच तोंड उघडायला लाजतात बिचारी.

खरी चूक वेगळीच आहे आणि ती तुमच्या सदरात आलीच नाही. पोरं म्हणतात 'आय वॉज पासआउट इन २०२२' किंवा 'आय ॲम २०२२ पासआउट'. हे का होतं तर मराठीत आपण 'पासआउट झालो' म्हणतो आणि त्या 'झालो'चं वॉज करून टाकतो. पास हेच क्रियापद आहे हे लक्षातच येत नाही, म्हणून मी फळ्यावर नुसतं पास्ड आउट मोठ्ठं लिहितो आणि वॉज खोडतो, रोज खोडतो, दुसऱ्या दिवशी परत कोणीतरी घेऊन येतंच.

बेशुद्ध पडण्याचं म्हणाल तर त्यातही नुसता अर्थ देऊन भागत नाही. 'शी पास्ड आउट इन द हीट' म्हणजे उन्हात चक्कर येऊन पडली. 'ही केम होम अँड पास्ड आउट ऑन द सोफा' म्हणजे मात्र बहुतेक वेळा दमून किंवा ढोसून आला आणि ढाराढूर झोपला, इथे कोणी डॉक्टरला फोन करत नाही. जून २०२३ मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या परेडची तालीम चालू होती, ३० डिग्रीच्या आसपास ऊन, अंगात लोकरी डगले आणि डोक्यावर त्या अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, त्यात काही सैनिक धाडकन पडले आणि एक ट्रॉम्बोनवाला तर पडून उठून परत वाजवायला बघत होता. तिथे पास्ड आउट म्हणजे शंभर टक्के चक्करच. म्हणजे परेडमध्ये कोण पास आउट झाला यावरसुद्धा अभिनंदन करायचं की पाणी मारायचं हे अख्खं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेतल्या वर्गात अजून तिसरंच, 'पास आउट द पेपर्स', म्हणजे पेपर वाटा. इथे वस्तू शेवटी किंवा मधे येते, आणि 'ते' म्हणायचं असेल तर 'पास देम आउट' म्हणायचं, 'पास आउट देम' म्हटलं की गेलं. चक्करवाल्या अर्थात मधे काही घालताच येत नाही. हा फरक वाक्यांतूनच कळतो, तक्त्यातून नाही.

आणि यात आपली पोरं ढ आहेत असं काही नाही. इंग्लंडच्या डॉ. जॉन्सनने १७५५ ला इंग्रजीची डिक्शनरी काढली तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात जड जातात ती ही शेपूट लावलेली क्रियापदं, म्हणजेच फ्रेजल वर्ब. उलट मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. बोलून टाक, बोलून बसला, बोलून दाखव, बोलून बघ, बोलणं एकच आहे पण घरातलं पाच वर्षांचं पोर यात घोटाळा करत नाही, कारण त्याला कोणी यादी पाठ करायला दिलेली नाही, त्याने ते दिवसभर ऐकलंय.

म्हणून विनंती एवढीच की एका चौकटीत दहा फ्रेजल वर्ब आणि समोर दहा अर्थ असं छापण्यापेक्षा एकच घ्या आणि त्याची पाच-सहा रोजची वाक्यं द्या, कोण कोणाला म्हणतंय तेही द्या. जागा कमी असते हे मान्य, मग दर आठवड्याला एक घ्या, कोण मागे लागलंय. सुरुवात पासच्याच भावंडांपासून करता येईल. 'प्लीज पास ऑन द मेसेज' म्हणजे निरोप पुढे पाठवा आणि 'हर ग्रँडफादर पास्ड ऑन' म्हणजे आजोबा गेले, फॅमिली ग्रुपवर एखाद्याने याला थम्स अप टाकण्याआधी हे छापून आलेलं बरं. ते झालं की 'पुट अप' घ्या, पुण्यात रूम शोधणाऱ्या आमच्या पोरांना 'व्हेअर आर यू पुट अप', म्हणजे राहतोस कुठे, हे रोज कोणी ना कोणी विचारतं आणि ती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

आपला,
एक क्लासवाला, सांगली