रेनी निकेलचा सदोष ड्रम बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्याकडून रेनी निकेलचे (हायड्रोजनच्या अभिक्रिया घडवणाऱ्या उत्प्रेरकाचे) ५० किलोचे दोन ड्रम घेतले. पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्याचे झाकण सैल केले, तर निकेलवर बोटभरही पाणी नव्हते. कडेला सुकलेली काळी पूड हवा लागताच लालबुंद झाली आणि ऑपरेटरच्या हातमोज्याला भोक पडले. पाण्याची बादली शेजारीच होती म्हणून निभावले. माल कायम पाण्याखाली ठेवा, असे आपल्याच लेबलवर छापले आहे. झाकण घट्ट बसवणारे गॅस्केट मात्र चिरलेले निघाले.

तळाशी उरलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर होता. आम्ही धुवायला घेतले तसे पाणी दुधाळ होत गेले. निम्मे निकेल, निम्मे अ‍ॅल्युमिनियम अशा मिश्रधातूतून कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम काढले की मागे जाळीदार निकेल उरते, आणि खरे काम त्या छिद्रांतच होते. धुलाईत हात आखडता घेतला, तर आत राहिलेल्या अ‍ॅल्युमिनेटचा (विरघळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचा) पांढरा चिकट साका बसून तीच छिद्रे बुजतात. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः हे निकेल बनवले आहे. मिश्रधातू चिमूट-चिमूट टाकावा लागतो, घाई केली की फेस भांड्याबाहेर. पुढे धुऊन धुऊन कंटाळा येतो हे मान्य, पण तो कंटाळा आम्ही विकत का घ्यावा?

नायट्रो संयुगापासून अमाइन करणारी आमची बॅच साडेचार तासांत हायड्रोजन ओढायची थांबते, म्हणजे पूर्ण होते. या निकेलवर ११ तास झाले तरी ३ टक्के नायट्रो शिल्लक. आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, “तुमच्या कच्च्या मालात गंधक असेल.” गंधकाने निकेल मरते हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तोच कच्चा माल पहिल्या ड्रममधल्या उरलेल्या निकेलवर प्रयोगशाळेतल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) चालवला. नेहमीच्या वेळेत उरकला.

वजनही कमी आहे. पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे आणि निकेल घालून तितकेच भरलेले भांडे, यांच्या वजनांतल्या फरकाला १.१६७ ने गुणून पाहिले. भरले ४३ किलो.

ड्रम बदलून द्यावा आणि नव्या मालासोबत उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा व पीएचचा दाखला पाठवावा. वाया गेलेल्या बॅचचा हिशेब वेगळा पाठवत आहे.

ड्रम पाणी भरून बाहेरच्या शेडमध्ये ठेवला आहे. न्यायला गाडी पाठवाल तेव्हा आत काय आहे ते ड्रायव्हरला सांगून पाठवा. मागच्या खेपेला त्याला तो रंगाचा डबा वाटला होता.

आपला,
उत्पादन व्यवस्थापक
लोटे परशुराम औद्योगिक वसाहत, ता. खेड, जि. रत्नागिरी