गंगा करार : क्युसेकच्या पलीकडचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेल्या गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६मध्ये संपते. त्या निमित्ताने होणाऱ्या चर्चेत ‘आपण त्यांना किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी द्यायचे’ हा एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला तो अपुरा वाटतो, म्हणून हे पत्र.

करार १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांपुरता आहे. पश्चिम बंगालमधील फराक्का बंधाऱ्यापाशी दर दहा दिवसांचा प्रवाह मोजून वाटणी होते. तिचे मुख्य सूत्र असे, की ७०,००० क्युसेकपर्यंत निम्मे-निम्मे, ७५,०००पर्यंत बांगलादेशाला ३५,००० व उरलेले भारताला, आणि त्याहून अधिक असल्यास भारताला ४०,००० व उरलेले बांगलादेशाला. ही मांडणी १९४९ ते १९८८ या काळातील सरासरी प्रवाहावर बेतलेली आहे. प्रवाह ५०,०००च्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने विचारविनिमय करावा, एवढेच करार सांगतो. १९७७च्या करारातील किमान पाण्याच्या हमीचे कलम यात नाही. म्हणजे पाणी पुरेसे असताना काय करायचे ते ठरले आहे आणि खरी टंचाई पडली तर तिची झळ कोणी किती सोसायची, ते मात्र मोघमच राहिले आहे. शिवाय हे पाणी आपल्याला हुगळीतला गाळ लोटून कोलकाता बंदर चालते ठेवण्यासाठी हवे आहे, तर त्यांना गंगेची तेथील शाखा असलेली गोराई नदी वाहती ठेवून नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत आणि सुंदरबनात शिरणारे खारे पाणी रोखण्यासाठी. या दोन्ही लाभांचे मोल करारात कोठेच मांडलेले नाही.

ते मांडता येते. १९४८च्या पुरात कोलंबिया नदीने अमेरिकेतील व्हॅनपोर्ट हे गाव पुसून टाकले. त्यानंतर दीर्घ वाटाघाटी होऊन १९६१मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी करार केला आणि तो १९६४मध्ये अमलात आला. कॅनडाने वरच्या खोऱ्यात तीन धरणे बांधून पाणी अडवायचे, त्यामुळे खाली अमेरिकेत जी जादा वीज तयार होईल तिच्यातील निम्मा वाटा कॅनडाचा, आणि पुरापासून जे नुकसान टळेल त्याच्या निम्म्या रकमेपोटी अमेरिकेने ६ कोटी ४४ लाख डॉलर द्यायचे, असे ठरले. कॅनडाने विजेचा पहिल्या तीस वर्षांचा वाटा सुमारे २५ कोटी ४० लाख डॉलरना आगाऊ विकला आणि तो पैसा धरणांच्या कामी आला. तेथे कोणी कोणाला पाणी ‘दिले’ नाही. वरच्याने साठवणुकीची सेवा पुरवली आणि खालच्याने तिची किंमत मोजली. अर्थात, हा करार निर्दोष नव्हता. बुडीत क्षेत्रातील लोकांना, तेथील मूळ रहिवाशांना आणि सामन माशांना त्या हिशेबात जागा नव्हती, आणि तो विसर दुरुस्त करण्याची खटपट अजून चालू आहे.

सधन देशांनाच हे परवडते असे कोणी म्हणेल, तर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२मध्ये सेनेगल नदीसाठी संयुक्त संस्था स्थापून मनान्ताली आणि दियामा ही धरणे सामायिक मालकीची केली, आणि खर्चाचा भार ज्याला जेवढा लाभ त्या प्रमाणात उचलला. (दियामामुळे खारे पाणी अडले, पण गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या आजाराने खोऱ्यातील गावांना ग्रासले, हेही नमूद केले पाहिजे.) आपल्या शेजारी भूतानमधील ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभा केला व तेथील शिलकी वीज आपण विकत घेतो. तेव्हा ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

गंगेबाबत ती अवघड आहे, हे मान्य. वीज मोजून विकता येते. खारेपणा रोखल्याचे बिल कोणाच्या नावे फाडायचे? त्यातच उन्हाळी प्रवाहाचा मोठा वाटा ज्या उपनद्यांतून येतो त्या नेपाळमधून वाहतात, आणि नेपाळ या करारात नाहीच. वरच्या खोऱ्यात पावसाचे पाणी साठवून उन्हाळ्यात सोडायचे असेल, तर बुडणारी जमीन नेपाळची असेल आणि लाभ खालच्या दोघांचा. तो लाभ वाटून घेण्याची तयारी नसेल, तर नेपाळने धरणाला होकार का द्यावा?

पुण्यात बसून हे लिहिताना थोडा संकोचही वाटतो. सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या खडकवासला साखळीतील चार धरणांचे पाणी आपण हक्काने मागतो आणि वापरून झालेले मुळा-मुठेतून भीमेत, तेथून उजनीत सोडतो. त्या जलाशयावर अवलंबून असलेल्या सोलापूरकरांना पाणी शुद्ध करण्यासाठी जो जादा खर्च पडतो, तो पुणेकरांच्या पाणीपट्टीत दिसत नाही. एकाच राज्यात, एकाच नदीवर ही गत आहे.

तरीही नव्या करारासाठी वाटाघाटी करताना केंद्र सरकारने निदान तीन गोष्टींचा आग्रह धरावा. प्रवाहाची आधाररेषा १९८८नंतरच्या मोजणीसह नव्याने काढावी. गोराईतला गाळ काढणे आणि हुगळीतील गाळाचा उपसा यांच्या खर्चाचा एकत्रित ताळेबंद दोन्ही देशांनी मांडावा. आणि साठवणुकीच्या बोलणीत नेपाळला पहिल्या बैठकीपासून बसवावे. पश्चिम बंगाल व बिहार या राज्यांनाही हा ताळेबंद सह्या होण्याआधी पाहायला मिळावा.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
सहकारनगर, पुणे