टाइम ऑफिसातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही पावसापाण्याचं विचारता. म्हणून हे उघड पत्र. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्यासारखे शिफ्टवाले पुष्कळ आहेत, त्यांच्याही वाचनात यावं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. त्याने पाय लटपटतात ते लोकांना दिसतं. दमणूक दिसत नाही. दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाइट असं फिरत राहिलं की झोप पार बिघडते, आणि मग पॅकिंग लाइनवर उभं राहणंच जड जातं. म्हणून कायम फर्स्ट शिफ्ट मागितली. एचआरचं म्हणणं एवढंच: ‘दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के नाहीत. शिवाय तुला दिलं तर सगळे मागतील.’

निवृत्त होऊन घरी बसलेले तुम्ही, तरी दोन्हींना वेगवेगळं उत्तर काढलंत. ४० टक्क्यांची अट नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांना आहे. ती वाजवी सोयीला, म्हणजे दिव्यांग माणसाला काम जमावं म्हणून करून द्यायच्या बदलाला, लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्येच सांगितलंय; लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक हवा होता, त्या प्रकरणात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर अशी सोय नाकारणं भेदभावाच्या व्याख्येतच बसतं. समान संधीचं धोरण खासगी कंपनीलाही जाहीर करावं लागतं. ‘त्याची प्रत माग,’ म्हणालात. ती सापडायला त्यांना बराच वेळ लागला, असो.

पण काम झालं ते तुमच्या चार्टमुळे. सोय देताना मालकावर अवाजवी भार पडू नये, असंही कायदा म्हणतो. एचआर नेमकं तिथेच अडवणार, हे टाइम ऑफिसात हजेरी आणि शिफ्टचे चार्ट लावता लावता केस पांढरे झालेल्या माणसाला न सांगताच कळलं. म्हणून अर्जाला अख्ख्या लाइनचा महिन्याचा चार्ट जोडलात: मी कायम फर्स्टला, नाइटचा भत्ता हवा असलेले दोघे माझ्या नाइट घेणार, कुणाचीही साप्ताहिक सुट्टी हलणार नाही. त्या दोघांशी बोलणंही तुम्हीच केलंत. मला ते संकोचाने जमलं नसतं. राज्य दिव्यांग आयुक्तांकडे द्यायचा तक्रारअर्जही लिहून ठेवला होतात, त्याची गरजच पडली नाही.

आणि हो, ‘सगळे मागतील’ त्यातल्या एकाने मागितलंय. स्टोअर्समधल्या पोराला थॅलेसेमिया आहे, रक्त चढवायच्या दिवशी त्याला शिफ्ट बदलून हवी. हा आजारही कायद्याच्या यादीत आहे. रविवारी त्याला घेऊन फोंड्याला येतो. त्याच्या खात्याचा चार्ट सोबत आणतोच.

तुमचा,
पॅकिंगवाला