कृतज्ञता-वृक्षासाठी पाने तयार करून आणण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सुटीतील कौटुंबिक स्नेहमेळाव्यात जेवणापूर्वी सर्वांनी मिळून कृतज्ञता-वृक्ष (कुंडीत उभी केलेली वाळलेली फांदी, जिच्यावर आभाराचा मजकूर लिहिलेली पाने टांगतात) सजवायचा असून, त्यासाठी लागणारी कागदी पाने प्रत्येक कुटुंबाने घरूनच कापून आणावीत. वहीचा पातळ कागद टांगल्यावर वळतो, तर चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही आणि हात लागताच पसरते. म्हणून सुमारे 200 जीएसएमचा (म्हणजे प्रति चौरस मीटर 200 ग्रॅम वजनाचा) साधा कार्डपेपर घ्यावा, पानाची लांबी 10 सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी आणि दोऱ्यासाठीचे भोक कडेपासून किमान अर्धा सेंटिमीटर आत पाडावे. वाळलेली फांदी, कुंडी आणि दोरा यांची व्यवस्था संयोजक करतील.

मजकूर मात्र मेळाव्यातच लिहावयाचा आहे. ‘सर्वांचे आभार’ असे मोघम लिहिण्याऐवजी एका पानावर एकाच व्यक्तीचे नाव आणि तिने केलेली एखादी नेमकी गोष्ट लिहावी, मग ती कितीही लहान असो. ज्या मुलांना अद्याप लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावे आणि त्यांचे बोल मोठ्यांनी न सुधारता खाली लिहून द्यावेत (व्याकरणाचा आग्रह येथे नको). पान मोठ्याने वाचून दाखविण्याची सक्ती कोणावरही करू नये. जे येऊ शकणार नाहीत त्यांनी आपला मजकूर आदल्या दिवसापर्यंत संयोजकांकडे पाठवावा, म्हणजे तो पानावर उतरवून घेता येईल.