मॉनिटर घेण्याआधी पाणी मोजा: अग्निशमन खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

बंबांसाठी आणि कारखान्यांसाठी वॉटर मॉनिटर (बैठकीवर बसवून हव्या त्या दिशेला वळवता येणारी मोठी पाणीतोफ) खरेदी करायच्या निविदा मी नोकरीत असताना वाचत होतो, निवृत्तीनंतरही वाचतो. बहुतेक निविदांत दोनच आकडे ठळक असतात: मिनिटाला किती लिटर पाणी आणि किती मीटर लांब फेक. हे दोन आकडे माहितीपत्रकात सापडले की कागद पुरा होतो आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते. ते पाणी कुठून येणार, कोणता पंप ते देणार आणि आग नेमकी कशाची असणार, हे प्रश्न फाईलमध्ये उमटतच नाहीत. ही पद्धत आपण बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र.

होजच्या, म्हणजे पाणी नेणाऱ्या लवचीक नळीच्या, टोकाला लावून हाताने धरायच्या ब्रँचमधून माणसांना पेलेल तेवढेच पाणी सोडता येते. त्यापुढचे काम मॉनिटरचे. 50 मिलिमीटर तोंडाच्या सरळ नोझलमधून 7 बार दाबाने मिनिटाला सुमारे 4,400 लिटर पाणी बाहेर पडते आणि त्याच वेळी नोझल मागे ढकलली जाते ती सुमारे 280 किलो वजनाइतक्या जोराने. हा धक्का मॉनिटरच्या बैठकीतून बंबाच्या टपावर, सांगाड्यावर किंवा कारखान्यातल्या खांबाच्या पायावर उतरतो. जुन्या बंबावर नवा, मोठा मॉनिटर बसवायचे ठरते तेव्हा टप हा जोर सोसेल का, जेट, म्हणजे पाण्याचा झोत, आडवा मारताना गाडी स्थिर राहील का, हे गाडीची बांधणी करणाऱ्याकडून लेखी घेतलेले मी क्वचितच पाहिले आहे. जमिनीवर ठेवायच्या सुट्या मॉनिटरचा धोका तर याहून मोठा. त्याचे तोंड फार खाली केले की पाय सुटतात आणि तो मागे घसरतो. म्हणूनच अशा मॉनिटरला कोन साधारण 35 अंशांखाली जाऊ न देणारी अडसर असते. ती आहे की नाही, हे घेताना तपासावे आणि नंतर कोणी ती काढून टाकू नये.

आता पाण्याचा हिशेब. 4,500 लिटर टाकीच्या बंबावर मिनिटाला 4,000 लिटरचा मॉनिटर लावला, तर टाकी सव्वा मिनिटाच्या आत रिकामी होते. त्यानंतर सगळे हायड्रंटवर (आगीसाठी पाणी घ्यायच्या नळजोडणीवर) किंवा तळ्यातून उचललेल्या पाण्यावर अवलंबून. हायड्रंट तेवढे पाणी देत नसेल तर पंपाचा दाब कोसळतो आणि लांब जाणारा जेट आगीच्या अलीकडेच पडतो. त्यात होजमधला दाबाचा तोटा पाण्याच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाने वाढतो: त्याच होजमधून दुप्पट पाणी न्यायचे तर घर्षणात चौपट दाब जातो. मॉनिटरवर लिहिलेला आकडा खरा ठरायचा असेल तर त्याला पाणी देणाऱ्या होजची संख्या, व्यास आणि लांबी त्याच आकड्याला धरून ठरवावी लागते. लहान टाकीच्या बंबाला कमी-जास्त प्रवाहावर लावता येणारी नोझल कितीतरी उपयोगी. पाणी थोडे असताना ती खाली आणता येते, पुरवठा जोडला की वर नेता येते. एकाच मोठ्या आकड्यावर अडकलेली नोझल तिथे अडचणच करते.

फेकीच्या आकड्याबद्दलही स्पष्ट लिहितो. माहितीपत्रकातली लांबी सहसा वारा नसताना मोजलेली असते आणि कित्येकदा शेवटचा थेंब जिथे पडला तिथवर मोजलेली असते. आग विझवायला जेटचा जो घट्ट भाग लागतो तो त्याच्या बराच आधी फुटतो. समोरून वारा असेल तर आणखी आधी. नोझलच्या आतले वळण, पाणी सरळ करणाऱ्या पट्ट्या, नोझलपाशी मिळणारा दाब यांवर जेट किती अंतर एकजीव राहतो ते ठरते. तेव्हा निविदेत लांबीबरोबर दाब, कोन आणि वारा या तीनही गोष्टी लिहिल्याशिवाय तो आकडा मान्य करू नये.

तेलाच्या टाक्यांजवळ तर याहून जास्त काळजी लागते. तिथे नुसते पाणी पुरत नाही, तेलावर थर धरणारा फेस, म्हणजे फोम लागतो. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या क्रमांक 11 च्या मानकात पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनसाठी टाकीवर बसवलेल्या फोम चेंबरला मिनिटाला चौरस मीटरमागे 4.1 लिटर द्रावण (पाणी आणि फोम यांचे मिश्रण) धरतात, पण मॉनिटरने फोम मारायचा असेल तर 6.5 लिटर. पेट्रोलसाठी हे 65 मिनिटे चालू ठेवायचे. 18 मीटर व्यासाच्या टाकीचे क्षेत्रफळ 254 चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 1,650 लिटर द्रावण, एकूण एक लाख सात हजारांहून अधिक लिटर, आणि तीन टक्क्यांचा (द्रावणात तीन टक्के मिसळायचा) फोम वापरला तर सुमारे 3,200 लिटर फोम हाताशी हवा. हा हिशेब सगळा फोम टाकीतच पडला असे धरून आहे. वाऱ्याने आणि आगीच्या झोताने उडून जाणारा फोम वेगळा. त्याच मानकात असेही आहे की 18 मीटरहून मोठ्या, स्थिर छताच्या टाकीसाठी मॉनिटरला मुख्य संरक्षण मानायचे नाही. अशा टाक्या असलेल्या ठिकाणी मॉनिटर लावून आपण सुरक्षित झालो असे कोणी समजत असेल, तर ते तपासायला आपले खाते हवे.

मोठ्या मॉनिटरने मोठी टाकी विझते, हे मला मान्यच आहे. 2001 साली अमेरिकेत लुइझियानातल्या नॉर्को इथे 82 मीटर व्यासाची पेट्रोलची टाकी पेटली होती. फोमचा मारा सुरू झाल्यावर ती सुमारे तासाभरात विझली. पण मारा सुरू करण्याआधी पाणी, होज आणि फोम जमवण्यातच कित्येक तास गेले होते आणि ते तास घेण्याचा निर्णय जाणीवपूर्वक होता. अर्धवट फोम घेऊन सुरुवात केली असती तर आहे तोही वाया गेला असता.

दुसरे उदाहरण 11 डिसेंबर 2005 चे, इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलडेपोचे. भरताना ओसंडलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला आणि ठिणगी बहुधा आग विझवायच्या पाण्याच्या पंपघरातच पडली, असे चौकशीत दिसले. जिथून पाणी यायचे तीच जागा पहिल्या क्षणी गेली. कारखान्यातले मॉनिटर कितीही चांगले असले तरी बाहेरून आलेल्या पंपाला त्यांच्या पाइपजाळ्यात पाणी ढकलता येईल अशी जोडणी असलीच पाहिजे. ही जोडणी नकाशात असते, जागेवर असते का ते प्रत्यक्ष बघावे लागते.

हाताने चालवायचा की रिमोटने, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. दाबाखालच्या एलपीजीच्या टाकीजवळ माणूस उभा राहता कामा नये. 4 जानेवारी 1966 रोजी फ्रान्समधल्या फेझाँ इथे प्रोपेन वायूची गोल टाकी फुटली तेव्हा 18 जण गेले, त्यांत आग विझवायला आलेले जवानही होते. अशा ठिकाणी मॉनिटर दुरून वळवता आला पाहिजे किंवा एकदा लावून, दिशा पक्की करून मागे येता आले पाहिजे. मात्र वीज गेली, केबल जळली तरी तो हाताने फिरवता येईल अशी सोय त्यात हवीच, आणि वाफ साठू शकते तिथे विद्युत भाग स्फोटरोधक हवेत.

धातूबद्दल थोडक्यात: बंबाच्या टपावर वजन महत्त्वाचे, तिथे हलकी अॅल्युमिनियम मिश्रधातू चालते. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रणेला गनमेटल (तांब्याची एक मिश्रधातू) किंवा योग्य दर्जाचे स्टेनलेस स्टीलच घ्यावे.

आपल्याकडे मागणी अशी आहे. कोणत्याही मॉनिटरच्या निविदेसोबत त्या जागेचा पाणी-हिशेब सक्तीचा करा: धोका कोणता, किती लिटर लागणार, किती वेळ, कोणत्या पंपातून, किती होजमधून. रक्कम चुकती करण्याआधी त्याच बंबावर किंवा त्याच कारखान्यात, रोजच्या पंपावर, तिथल्याच जवानांनी तो चालवून दाखवावा आणि मोजलेला दाब, प्रवाह, फेक व वारा नोंदवावा. ती नोंद खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता यावी. मॉनिटर निवडणाऱ्या समितीत बंबावर प्रत्यक्ष काम करणारा एक तरी जवान असावा. वळवायचे चाक हातमोजे घालून फिरते का, धुरात खटका सापडतो का, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

आणि ज्या कारखान्यांचे मॉनिटर आधीच बसले आहेत, त्यांची हीच चाचणी या वर्षी सुरू करावी, सर्वांत मोठ्या टाक्यांपासून.

आपला नम्र,
एक निवृत्त अग्निशमन अधिकारी