बिडाच्या भावात न मागितलेल्या लेथबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बास बास, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय, आणि सगळ्यांसमोरच. लाकडावर काम करायला जुना लेथ (वस्तू फिरवत कातायचं मशीन) शोधणारे माझ्यासारखे हौशी लोक पुष्कळ आहेत, त्यांच्याही हे कामाला येईल.

उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात मी चौकशी करत होतो आणि शेजारी तुम्ही उभे होतात. उभा जन्म लोखंडाच्या लेथवर काढलेला माणूस. "लाकडातलं मला काय कळत नाही, पण मशीन म्हणशील तर बघून देतो," असं म्हणालात आणि ओळखदेख नसताना माझ्या स्कूटरवर मागे बसलात.

पहिला लेथ आठवतोय ना? हिरवागार रंग, चकचकीत बेड (खालचा पाया), किंमतही आवाक्यातली. मी खिशाला हात घालायच्या बेतात होतो. तुम्ही पिशवीतून पाना काढलात आणि माठ घेताना बायका टिचकी मारतात तसे हेडस्टॉकवर (फिरता दांडा धरणाऱ्या डोक्यावर) जागोजागी ठोकत गेलात. ठण्ण, ठण्ण आणि एका कोपऱ्यात एकदम बद्द. "रंग कशाला बघायलाईस? आवाज ऐक की." नखाने खरवडल्यावर रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली वेल्डिंगची रेघ. बीड म्हणजे ओतीव लोखंड तडकलं की त्याला वेल्डिंग धड धरत नाही, आणि स्पिंडलचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचा, सगळा भार नेमका तिथंच येतो, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मालकाला तुम्ही काहीच बोलला नाहीत. "बघू, कळवतो," एवढंच.

दुसरा म्हणजे आत्ता माझ्याकडे आहे तो. पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांखाली, गंजाने तांबडालाल. मालकाचे वडील त्यावर पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, लाटणी कातायचे. ते गेल्यापासून मशीन बंद होतं. मला तर ते भंगारच वाटलं. तुम्ही मात्र गंजाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवलात, डोळे मिटून ऐकलात, मग डायल गेज (बारीकशी हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावून स्पिंडलखाली दांडा घालून उचलून पाहिलात. काटा जेमतेम हलला. टेलस्टॉक (समोरून लाकडाला आधार देणारा सरकता भाग) पुढे सरकवून दोन्ही सेंटरची, म्हणजे लाकूड धरणाऱ्या अणकुच्यांची, टोकं समोरासमोर आणलीत, तर टोकाला टोक बरोबर भिडलं. टूल रेस्टवर (पटाशी टेकवायच्या आडव्या दांड्यावर) पटाशीने पडलेले खड्डे होते, त्यावर तुमचं उत्तर एका शब्दाचं: "कानस." गंज घासला की जातो, झिजलेला भाग मात्र बदलावाच लागतो. हा फरक मला त्या शेडमध्ये कळला.

खरी मेख मोटरची होती. एक हॉर्सपॉवरची, थ्री फेज. घरी थ्री फेज वीज नाही म्हणून येणारा प्रत्येक जण परत जायचा आणि मागे उरायचे भंगारवाले. तुम्ही मोटरचं झाकण उघडून आत तारांची सहा टोकं आहेत का तेवढं पाहिलंत. सहाच्या सहा बाहेर काढलेली होती. अशा लहान मोटरी 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात; स्टार आणि डेल्टा या तारा जोडायच्या दोन पद्धती. जोडणीच्या पट्ट्या फिरवून डेल्टा केली की 230 व्होल्टला चालते, आणि घरच्या सिंगल फेजवरून तिला थ्री फेज द्यायला छोटा ड्राइव्ह (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) पुरतो. शिवाय बटण फिरवून वेग कमीजास्त करता येतो हा वरचा फायदा. मोठं भांडं सावकाश फिरवायचं आणि बारीक काम जोरात, यासाठी आता पुल्यांवर पट्टा बदलत बसावं लागत नाही. ड्राइव्ह सहा-सात हजारांत आला.

भावाचं मात्र मला सगळ्यात जास्त सांगायचंय. मालक अठरा हजार म्हणत होता. बाहेर येऊन तुम्ही हिशेब मांडलात: अडीचशे किलोच्या आसपास वजन, भंगारवाला आठ-नऊ हजारांच्या वर जाणार नाही. मी लगेच नऊ म्हणायला निघालो, तर तुम्ही दंड धरलात. "बिडाच्या भावात मागू नगंस. त्याच्या बापानं ह्याच्यावर घर चालवलंय." बारा हजारांत ठरलं. एवढ्या वजनाचं मशीन नवीन घ्यायला गेलो असतो तर याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते. आणि मालकाने आपणहून आतून वडिलांच्या पटाशा आणून दिल्या, वापरून वापरून अर्ध्या झालेल्या, मुठी हाताच्या घामाने काळ्या. नऊला मागितलं असतं तर त्या मिळाल्या असत्या का, मला शंका आहे.

छोटा हत्तीत चढवताना पहार आणि पाइपचे तुकडे तुमचेच होते. पुढे बाजारातला चक (लाकूड पकडणारा जबडा) स्पिंडलला बसेना, कारण स्पिंडल सव्वा इंची, इंचाला 7 आट्यांचा, आणि तयार चक वेगळ्याच आट्यांचे. तुम्ही तुमच्या जुन्या मालकाच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, जेवणाच्या सुट्टीत, बिडाची बॅक प्लेट (चक आणि स्पिंडल जोडणारी चकती) कातून दिलीत. पैसे विचारले तर रागावलात. ती प्लेट स्पिंडलवर शेवटचा आटा चढताना जी गप्पकन बसते, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्याला फिरवून दाखवत असतो. लोक "छान" म्हणतात. त्यांना काय दिसतं कोण जाणे.

डिझेलमध्ये भिजवून टेलस्टॉकचा स्पिंडल सुटला आहे, पण मागे येताना मध्येच अडकतो. आट्यात काही बसलंय की आटेच खाल्लेत, हे तुम्ही हात लावल्याशिवाय ठरणार नाही. रविवारी गाडी घेऊन येतो.

काकूंसाठी बाभळीचं लाटणं दिलंय. हाताला जड लागत असेल तर सांगा, बारीक करून देतो. लेथ आहे आता घरात.

तुमचा,
कळंब्याचा लाकूडवाला